यासेन्कोचा रकाना

साराएवोत आलेला पाहुणा तासाभरात मशीद, सिनेगॉग आणि दोन पंथांची दोन चर्चं पाहून घेतो आणि गाईडला हमखास विचारतो, "यातलं तुमचं कोणतं?" यासेन्को कुयुंजिचचं तीस वर्षं एकच उत्तर होतं: ज्याचा सण जवळ असेल, ते. तो ते पाळायचाही. ईदला बोस्नियाक फिक्रेतकडे बकलावा, ईस्टरला सर्ब मिलोराडकडे रंगवलेली अंडी, नाताळला क्रोएट स्टीपानकडे भाजलेलं डुक्कर. आडनावही तिन्ही जमातींत सापडणारं. उपवास मात्र त्याने कुणाचाच धरला नाही.

आता निवृत्तीला दोन वर्षं होती आणि गुडघे आधीच निवृत्त झाले होते. चढावरच्या गल्ल्यांत पाहुणे पुढे आणि गाईड मागे, अशी वरात निघायची. बसून काम करायचं तर एकच जागा होती, गाईड संघाच्या अध्यक्षाची खुर्ची. ती तीन जमातींत पाळीपाळीने फिरायची. यंदा पाळी क्रोएटांची. अर्जात जमातीचा रकाना होता. बायको वेस्नाने बजावलं होतं, एक शब्द लिही आणि घरी ये.

संघाच्या सभेत, तिन्ही गाईड मित्रांसमोर, यासेन्कोने पेन्सिलीने लिहिलं: क्रोएट.

फिक्रेतने लगेच बकलाव्याची साक्ष काढली: दर ईदला आमच्याकडे खातो, हा क्रोएट कसा? मिलोराड तर उभाच राहिला.

"दोन वर्षांनी आमची पाळी आली की हा आमच्यात येणार. मग फिक्रेतकडे. अरे, खुर्ची राहील जागेवर, हाच फिरत बसेल."

सभा खो खो हसली. दुसरा उमेदवार स्टीपान म्हणाला, "बाबा रे, एकदाचं सांग, तू आहेस तरी कोण?"

"गुडघेदुखीवाला."

"तसा रकाना नाही, काका," चिटणीस मुनेवेरा म्हणाली. "आणि पेन्सिल चालत नाही. पेनाने लिहा."

यासेन्कोने पेन उघडलं. शाईने एक जमात लिहिली, तर उरलेल्या दोन घरी तो पाहुणा ठरणार होता. आणि पाहुण्यांचं काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांना सगळं दाखवतात. जेवायला कुणी थांबवून घेत नाही.

त्याने टोपण लावून पेन परत केलं आणि अर्ज घडी करून खिशात घातला.

स्टीपान बिनविरोध अध्यक्ष झाला. यासेन्को छत्री टेकत, गुडघ्यांना शिव्या देत, दोन वाजताचे पाहुणे गाठायला निघाला. मागे तिन्ही मित्रांनी मनातल्या मनात एकच निष्कर्ष काढला: लिहिलं नाही, म्हणजे नक्की आपलाच.