दगूबाईचं इस्त्रीचं टेबल

प्रकाशा गावच्या दगूबाईला गोधडीची ठिगळं इस्त्री करून सरळ जोडायची सवय. पण जमिनीवर वाकून तिची कंबर गेली. मुलगा म्हणाला, "तयार टेबल मागवतो."

"खाटइतलं मोठं भेटस का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गोठ्याचं दार उतरवलं. म्हैस विकल्यापासून ते नुसतंच लटकलेलं होतं. दार दोन पिंपांवर आडवं टाकून तिने वर गोणपाट अंथरलं, त्यावर जुनं घोंगडं आणि सगळ्यांत वर सुनेची चमकदार साडी ताणून खिळे ठोकले. पहिल्याच फेरीत साडी वितळून इस्त्रीला चिकटली. दगूबाईने साडीला शिव्या घातल्या, मग ती विकणाऱ्याला घातल्या, आणि ट्रंक उघडली. सुती, पांढरं, रुंद असं कापड घरात एकच होतं. ते दुहेरी करून तिने दारावर घट्ट ठोकलं. आता अख्खी गोधडी एका दमात सरळ होऊ लागली.

लग्नसराई आली, तसा एरवी पॅन्टमध्ये वावरणारा तिचा नवरा मगन ट्रंक उपसत ओरडला, "मन्हं धोतर कोठे शे? लगीनले जानं शे, इस्तरी करी दे!"

दगूबाईने इस्त्रीवरचा हात थांबवला नाही.

"मी रोजच करस त्याले."