ऑरव्हलची पाणसळ

लिझार्ड वॉशच्या माळावर नवी गाडी शिरली की लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर येतात. ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात हिवाळ्यात दुसरी करमणूक नाही. मिनेसोटा-आयोवाकडची, बर्फाला कंटाळलेली म्हातारी जोडपी आपली चाकांवरची घरं ट्रकमागे ओढत तिथे येतात, आणि घर जमिनीवर सरळ उभं करता करता चाळीस वर्षांचे संसार मोडायच्या बेतात येतात. एवढं बघायचं तर खुर्ची हवीच.

त्या दिवशी खुर्च्या जरा जास्तच होत्या, कारण आर्डिस हॉगेन नवऱ्याशिवाय आली होती. एकोणीस हिवाळे तिने फक्त मागे उभं राहून हात हलवले होते, आणि ऑरव्हलने त्या हातांचा उलटा अर्थ लावत गाडी लावली होती. ऑरव्हल एप्रिलमध्ये गेला. आता चौऱ्याहत्तर वर्षांची आर्डिस स्वतः स्टिअरिंगवर बसली होती आणि शेजारी तिची मुलगी जनेल तोंड फुगवून बसली होती.

जनेलची अट सरळ होती. "तू एकटीने गाडी लेव्हलमध्ये लावलीस तर राहा इथे हिवाळाभर. नाही जमलं तर गाडी विकायची आणि माझ्याकडे यायचं. तळघरातली खोली रंगवून ठेवलीय तुझ्यासाठी."

"कुठला रंग?"

"फिकट जांभळा."

ते ऐकून आर्डिसच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

काम तिला पाठ होतं, ते ऑरव्हलच्या शिव्यांमुळे. प्रत्येक पायरीला त्याची एक ठरलेली शिवी होती. ज्या बाजूला जमीन खोल, तिकडच्या चाकांखाली फळ्या घालून गाडी त्यांवर चढवायची, ही पहिली शिवी. मग चाकांना पुढून-मागून ठोकळ्यांची उटी, आणि उटी लागल्याशिवाय ट्रक सोडवायचा नाही, ही दुसरी. ती सर्वांत घाण होती. मग पुढचा जॅक फिरवून नाक वर-खाली करायचं. शेवटी चार कोपऱ्यांतले चार पाय जमिनीला टेकवायचे, म्हणजे घर डुगडुगत नाही. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी ही बाई त्या सगळ्या शिव्या क्रमाने पुटपुटत कामाला लागली. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी कानांवर हात ठेवले, पण बोटं फाकवून.

गाडीच्या पुढच्या लोखंडी दांड्यावर ऑरव्हलने वीतभरापेक्षा लहान अशी एक पाणसळ चिकटवलेली होती. तिचा बुडबुडा मधोमध आला की गाडी सरळ. आर्डिसने उजव्या चाकांखाली दोन-दोन फळ्या घातल्या तेव्हा बुडबुडा मधोमध आला.

"त्या कोपऱ्यातल्या पायांनी गाडी उचलू नकोस हं!" व्हर्लिन स्टॉब खुर्चीतून ओरडला. तो निवृत्त सर्व्हेअर होता आणि त्याला सूर्यसुद्धा जरा तिरका उगवल्यासारखा वाटायचा. "ते नुसते टेकवायला आहेत, वजन घ्यायला नाहीत!"

"ठाऊक आहे! तुझ्या गुडघ्यांसारखेच आहेत ते!"

टाळ्या पडल्या. आर्डिसने घामेजल्या हातांनी स्टोव्ह पेटवला आणि दर वर्षीप्रमाणे पहिलं अंडं तव्यात फोडलं. अंडं निवांतपणे डावीकडे निघालं.

"आई, अंडं चाललं."

"आमच्या गाडीत अंडी डावीकडेच जातात."

"म्हणजे गाडी कललीय!"

"बुडबुडा मधोमध आहे, जाऊन बघ."

जनेल गेली ती व्हर्लिनला घेऊनच आली. त्याने काखेतली चार फुटी पाणसळ दांड्यावर ठेवली. व्हर्लिनची म्हणाली, गाडी डावीकडे कललीय. ऑरव्हलची म्हणाली, अगदी सरळ आहे. तेव्हा व्हर्लिनने स्क्रूड्रायव्हर घालून ऑरव्हलची पाणसळ उचकटली. तिच्या डाव्या टोकाखाली आईस्क्रीमच्या काडीचा तुकडा निघाला.

"हे चुकून झालेलं नाही," व्हर्लिन म्हणाला. "सफाईने कापलाय, चिकटवलाय, वरून रंगसुद्धा मारलाय. बरोबर एका फळीचा फरक पडतो."

खुर्च्या हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. आर्डिस मात्र भडकली. गाडीतला गॅसवरचा फ्रीज जरा कलला की रुसायचा, आणि म्हणून एकोणीस वर्षं तिने आईस्क्रीम कपाने प्यायलं होतं. वर हा माणूस फ्रीजला लाथा घालत होता!

"गाढव!" ती म्हणाली. "ठार गाढव!"

तिने ट्रक पुन्हा जोडला, पाय वर घेतले, उजवीकडची एकेक फळी काढली आणि सगळी शिव्यावली पहिल्यापासून म्हटली. या वेळी अंडं तव्यात मधोमध बसून राहिलं. "जमलं गं आई," जनेल म्हणाली, आणि म्हणताना तिचा चेहरा थोडा पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आईस्क्रीम इतकं घट्ट झालं की चमचा वाकला.

जनेल बाजारात गेली तेव्हा आर्डिस पलंगावर आडवी झाली. आदल्या रात्री तिने पलंग मुलीला दिला होता, त्यामुळे ही पहिलीच वेळ. ती नेहमीसारखी उजव्या कडेला पडली आणि वाट बघत राहिली. काही झालं नाही. ती जिथे होती तिथेच राहिली.

हॉगेन मंडळी प्रेमबिम बोलून दाखवणारी नव्हेत. ऑरव्हलने तिचा हात चारचौघांत धरला तो दोनदा, लग्नात आणि हॉस्पिटलात. पण लिझार्ड वॉशला रोज सकाळी तिचं नाक त्याच्या खांद्यावर असायचं. ती करवादायची, "गाडी नीट लाव, घरंगळते मी!" तो डोळे न उघडता म्हणायचा, "बुडबुडा मधोमध आहे. तूच येतेस." आणि ती लाजून गप्प बसायची, कारण तिला ते खरं वाटायचं.

आर्डिस मोठ्याने रडली. मग नाक शिंकरून बाहेर आली आणि तिने पहिली शिवी हासडली.

जनेल परतली तेव्हा सगळ्या खुर्च्या पुन्हा मांडलेल्या होत्या, आणि आई गाडी फळ्यांवर चढवून, ट्रक सोडवून शेवटचा पाय टेकवत होती.

"आई, अगं सरळ होती ना गाडी! माझी अट काय होती?"

"अट माहीत आहे मला. तिरकी लावलीय. विकायची तर विक, मी येते तुझ्या जांभळ्यात." तिने मूठ उघडली. मुठीत तो काडीचा तुकडा होता. "पण सरळ पलंगावर मला झोप येत नाही गं. तो मला म्हणायचा, तूच येतेस माझ्याकडे. चोर मेला!"

जनेलने तुकड्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग ती आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला, मग अंडं फोडल्याचा. सगळा माळ कान देऊन ऐकत होता.

"कुठे गेलं?" आर्डिसने खालून विचारलं.

"डावीकडे," जनेल आतून म्हणाली. "पार कडेला."

"मग?"

"मग काय. लेव्हलमध्ये आहे गाडी."