शांतावहिनीचा उजवा हात

दादा जऊळक्याहून मालेगावला आला आणि माझ्या ओट्यावर नुसता बसून राहिला. "वहिनी कशी आहे?" मी विचारलं. "ताप उतरलाच नाही वं, कुसुम..." एवढंच तो बोलला. वहिनी गेली त्याला महिना उलटून गेला, तरी मला नेमकं काय वाटतं आहे ते अजून सांगता येत नाही.

शांतावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी ती कापसाच्या भरल्या गाडीवरून पडली, उजव्या खांद्याचं हाड मोडलं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. निघताना डॉक्टरांनी बजावलं, रोज भिंतीवर बोटं वर वर चढवत जा, नाहीतर खांदा कायमचा धरेल. घरी आलो तर माय म्हणे, "हालवला तं जोड सुटन. बांधूनच ठेव." वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कोणाचं आयकू?" मलाही कळेना. शेवटी माय शेतात गेली की आम्ही खोलीचं दार लोटून घेऊ लागलो. ती भिंतीवर बोटं चढवायची, मी कोपराखाली हात देऊन आधार द्यायची. "सोड, सोड!" ती ओरडे. सोडलं की चिडे, "काहून सोडला वं? दुखून राह्यलं तं दुखू दे नं!" यातलं कोणतं खरं मानावं, मला कधीच उमगलं नाही. कधी मीच रडायला लागे, मग तीच मला समजावत बसे.

पोळ्याच्या सुमारास एका सकाळी तिनं आपला अंबाडा आपल्या हातानं बांधला. मी टाळ्याच पिटल्या. माय दारातून बघत होती. मग पुढे येऊन तिनं तेलाची वाटी तेवढी वहिनीपुढे सरकवली. आणि वहिनी एकदम रडू लागली. "अवं, काय झालं?" मी विचारलं.

"आता तू कायले येशीन माह्या खोलीत?"

मी हसले. मग तीही हसली... पण डोळे पुसायचे राहूनच गेले.

तेराव्यानंतर जऊळक्याच्या घरी चहा ठेवायला म्हणून मी चुलीपाशी गेले, तर साखर सापडेना, मीठही दिसेना. "वरच्या फळीवर असन," दादा म्हणाला. रोज लागणाऱ्या साऱ्या डब्या तिनं सगळ्यात उंच फळीवर मांडल्या होत्या. रोज हात वर जावा म्हणून, की जातो हे कोणाला दिसावं म्हणून, की आणखीच काही... दादालाही ठाऊक नाही. मायचा हात तिथवर पोचत नाही, ती पाटावर पाट ठेवून चढते.

"खाली काढून देऊ का?" मी विचारलं.

"राहू दे तिथीच," माय म्हणाली.