थर्माकोलचा बर्फ

गेल्या महिन्यात कालगुर्लीहून समीरच्या बायकोचा, कीर्तीचा फोन आला. "समीर गेला रे... कामावरच, हार्ट." पुढचं मला ऐकू आलं नाही. मनात एकच आलं, याचा बर्फ बघायचा राहिला.

विद्यार्थी म्हणून ऑस्ट्रेलियात आलो तेव्हा टूनगॅबीत आम्ही सहा जण एका घरात राहायचो. युनी, शिफ्ट आणि पीआरची, म्हणजे कायम राहायच्या परवानगीची वाट. बाकीचे फावल्या वेळात क्रिकेट बघायचे, समीर बर्फ-नांगर लावलेल्या आगगाडीचे व्हिडिओ. तोंडाशी भलामोठा पंखा, रुळांवरचा डोंगराएवढा बर्फ कापून लांब भिरकावणारा. "बर्फासाठी ऑस्ट्रेलियात आलास, हुशार आहेस," मी चिडवायचो. तो शांतपणे सांगायचा, "तिची सगळी ताकद पंख्यात असते, माहितीये? स्वतःहून पुढे जाता येत नाही. मागून दुसरं इंजिन ढकलतं." एका गणपतीला त्याने हलता देखावा केला. थर्माकोलच्या दाण्यांचा बर्फ, त्यात खेळण्यातल्या मोटरवर पंखा फिरणारी ही गाडी. मागचं इंजिन करायला वेळच उरला नाही, म्हणून आख्खी आरती हा पठ्ठ्या मखराच्या पडद्यामागे उकिडवा बसून बोटाने गाडी ढकलत होता. दाणे उडून मोदकांवर पडले. आम्ही शिव्या घातल्या आणि पुढे दरवर्षी तोच देखावा करायला लावला.

खरी गाडी बघायला त्याला अमेरिकेतल्या डोंगरांत जायचं होतं. पण ती फार मोठा बर्फ पडला तरच बाहेर काढतात, आधीपासून तिकीट काढून ठेवता येत नाही. पीआर येईपर्यंत देशाबाहेर पडायची धास्ती, मग वाळवंटातल्या कालगुर्लीत रेल्वेची नोकरी, मग कीर्तीशी लग्न, मग मुलगी अन्वी लहान. तिकडे रुळांवर चढलेली वाळू काढायचं काम त्याच्याकडे होतं. "बर्फासारखीच साचते रे, फक्त वितळत नाही," फोनवर हसायचा. मी अमेरिकेचं विचारलं की म्हणायचा, "नो वरीज मेट, बर्फ कुठे पळून जातोय?" बर्फच तेवढा पळून जातो, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. फार वाईट वाटतं आता.

परवा कालगुर्लीला गेलो. कीर्तीने जुने फोटो काढले. आरतीच्या एकाही फोटोत समीर नाही, एकात फक्त पडद्याखालून आलेलं बोट दिसतं. देखाव्यातली ती गाडी टीव्हीशेजारी होती. मी बटण दाबलं. पंखा गरगर फिरला, पात्यात अडकलेला एक दाणा टेबलावर पडला. गाडी जागची हलली नाही.

"इज इट ब्रोकन, काका?" अन्वीने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो, "मागे कुणीतरी लागतं तिला."