पट्टीवरचा जवळा

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईने ती सही केली नव्हती. तिच्या नावाने ती मी केली, आणि तिच्या वहीतलं पानही मीच फाडलं. हे आधीच लिहून टाकतो. पुढे लिहिता लिहिता मी कारणं सांगत बसेन आणि मुख्य गोष्ट राहून जाईल, एवढा मी स्वतःला ओळखतो.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, तारापूरच्या बाजूला, एका रसायनाच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. साठी उलटल्यावरही मालकांनी मला ठेवून घेतलं होतं. दर वर्षी एक पत्र मिळायचं आणि त्यात आणखी एक वर्ष असायचं. मला पैशाची अडचण नव्हती. मला घरी बसायचं नव्हतं, इतकंच. किनाऱ्यावरच्या आमच्या माहीम गावाहून सकाळी निघायचं, डबा पिशवीत, आणि गेटवरच्या पहारेकऱ्याने सलाम करायचा. त्या सलामासाठी मी काय काय केलं ते आता लिहितो आहे.

युक्रेनमधल्या युद्धाचं दुसरं वर्ष चालू होतं. कँटीनमध्ये टीव्ही असायचा. कुठल्या देशाने तोफा दिल्या, कोणी जनरेटर पाठवले, रशियावर आणखी कशाकशाची बंदी आली, हे आम्ही डाळभातासोबत ऐकायचो. माझ्या वयाच्या लोकांच्या मनात रशियाबद्दल जुना ओलावा होता. पोरांना तेवढंही नव्हतं. एकदा एका फिटरला कोणीतरी विचारलं, "तू कुणाच्या बाजूचा रे, रशियाच्या का युक्रेनच्या?" तो म्हणाला, "मी सेकंड शिफ्टचा." सगळे हसले. मीही हसलो.

त्या पावसाळ्याआधी युरोपातल्या एका कंपनीकडून आमच्याकडे आठ पेट्या आल्या. आत प्रेशर ट्रान्समीटर होते. नारळाएवढं यंत्र असतं. नळीतला दाब मोजतं आणि तो आकडा कंट्रोल रूमला कळवतं. आमच्याकडे अशी कितीतरी होती, म्हणून आणखी आठ आली यात नवल नव्हतं. पण या वेळी कंपनीने एक दाखला मागितला होता. ही यंत्रं आमच्याच कारखान्यात बसतील, ती रशियाला जाणार नाहीत, आणि बसवल्यावर स्टोअरच्या सहीशिक्क्याची पावती आम्ही पाठवू, असं त्यात होतं.

स्टोअर एक बाई सांभाळायची. डोंगराकडच्या गावातली, घरची पावसाच्या भरवशावरची थोडी जमीन, स्वतः उमरोळीला भाड्याच्या खोलीत राहणारी. मला काका म्हणायची. तिची एक सवय सगळ्या कारखान्याला ठाऊक होती. वस्तू हातात घेतली की ती पोच लिहून द्यायची, मग ती मोटार असो की उसनं नेलेलं पेन. लोक चेष्टा करायचे. "बाई, सकाळी नमस्कार केला होता, त्याची पोच राहिली." ती मान वर न करता म्हणायची, "नमस्कार मोजून घेतला नाय मी. उद्या परत करा."

त्या पेट्या चार दिवस स्टोअरमध्ये राहिल्या आणि न उघडता मागच्या शेडमध्ये गेल्या. तिथे त्यांच्यावरची कागदं खरवडून काढली. खरवडणाऱ्यांत मी होतो. नवीन कागदावर 'मशीनचे सुटे भाग' असं लिहिलेलं होतं आणि आखातातल्या कुठल्या तरी व्यापाऱ्याचा पत्ता होता. मॅनेजर माझ्याजवळ उभा होता. तो म्हणाला, "सरळ जात नाही म्हणून जरा वाकडं जातंय. आपल्याला काय? आपण कुणावर बंदी घातली नाही."

"हे बसतं कशात तिथे?" मी विचारलं.

"कशातही बसतं हो. दाब कुठे नसतो?"

मी पुढचा कागद खरवडायला घेतला.

पावतीवर बाईने सही केली नाही. मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, वस्तू बसवलेली नाय. मी बसवली म्हणून कशी लिहू?" आवाज चढवला नाही. परत आली आणि आपल्या वहीत लिहिलं: आठ पेट्या आल्या, न उघडता शेडमध्ये नेल्या, बसवल्या नाहीत. खाली सही. मग भाताच्या लावणीसाठी आठवडाभर गावी गेली, आणि जाताना स्टोअरच्या किल्ल्या पोच घेऊन माझ्याकडे दिल्या.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर स्टोअरमध्ये आला. पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चार्ज तुमच्याकडे आहे ना? तुम्ही सीनियर माणूस." मी तिचा ड्रॉवर उघडला, तिचा शिक्का मारला आणि तिची सही केली. सोपी सही होती, मराठीत, शाळेत शिकवतात तशी. मग त्याने वहीकडे बोट दाखवलं. मी ते पान फाडलं. त्याने जाळायला सांगितलं. ते का जाळलं नाही ते मला अजून सांगता येत नाही. घरी पत्र्यावर आकडे ठोकायच्या पंचांचा, म्हणजे लोखंडी ठशांचा, डबा आहे. पान घडी करून त्याच्या तळाशी ठेवलं.

ती लावणी करून आली, किल्ल्या घेतल्या, मला पोच दिली. वही कोणी फाडेल असं तिच्या मनातही नव्हतं. तिने मागची पानं उलटून पाहिली नाहीत.

पुढच्या वर्षीच्या थंडीत युरोपातल्या कंपनीचं पत्र आलं. त्यांचा माणूस यंत्रं बघायला येणार होता. आठवड्याचा अवधी होता. आमच्याकडे प्रत्येक यंत्राला ॲल्युमिनियमची पट्टी तारेने बांधलेली असते आणि तिच्यावर पंचाने ठोकलेला नंबर असतो. मॅनेजरने ठरवलं, त्याच कंपनीची आठ जुनी यंत्रं होती, त्यांना नवे नंबर द्यायचे आणि तीच नवी आठ म्हणून दाखवायची. पट्ट्या मी ठोकल्या. पण वर्ष-दीड वर्ष बसलेल्या यंत्रावर चकचकीत पट्टी कशी दिसेल? आमच्या हवेत ॲल्युमिनियमवर दोन महिन्यांत पांढरी पूड धरते. मॅनेजरला हे सुचलं नव्हतं, मला सुचलं.

मी पट्ट्या माहीमला नेल्या. खाऱ्या पाण्यात बुडवल्या आणि वहिनींच्या बांबूंवर, बोंबलांच्या रांगेत, टांगल्या. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. किनाऱ्यावर तिचं वाळवण असतं. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"भावजी, ही कंची मासळी हाय?"

"परदेशी हाय," मी म्हणालो.

"सुकट झाली का अर्धी मला द्या. बघते कोण घेतंय बाजारात."

रोज संध्याकाळी मी त्यांच्यावर पाणी मारायचो. एकदा वाऱ्याने पट्ट्या खाली पसरलेल्या जवळ्यावर पडल्या. वहिनीने त्या झटकून परत टांगल्या. पाच दिवसांत पट्ट्या दहा वर्षांच्या दिसायला लागल्या. खोटं कशाला सांगू, काम चांगलं झालं याचं मला समाधान वाटलं होतं.

कंपनीचा माणूस आला, उंच, मध्यमवयीन, उन्हाने लाल झालेला. पहिल्या यंत्रापाशी उभा राहिला, पट्टी हातात घेतली, चष्मा वर केला. आठच्या आकड्याच्या खोबणीत काहीतरी अडकलं होतं. त्याने ते नखाने काढून तळहातावर घेतलं. सुकलेला जवळा होता, गुलाबी, नखापेक्षा लहान. डोळ्यांचे दोन काळे ठिपके शाबूत होते. त्या कारखान्याच्या आवारात साधं गवत धड उगवत नाही.

त्याने तळहात माझ्यासमोर धरला आणि इंग्रजीत विचारलं, हे काय आहे.

"फिश," मी म्हणालो.

मॅनेजर पुढे झाला. समुद्र जवळ आहे, वाऱ्याने येतं, वगैरे सांगितलं. त्या माणसाने मान डोलावली. मग एक फडकं मागितलं, आणि शिडी. आठही यंत्रांच्या मागची बाजू पुसून कंपनीने कोरलेले मूळ क्रमांक त्याने वाचले आणि लिहून घेतले. कागद खिशात घातला.

चहाच्या वेळी तो सहज बोलावं तसं बोलला. त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर युक्रेनची एक बाई आणि तिची मुलगी राहतात, युद्ध सुरू झालं तेव्हापासून. खोलीत पलंग आहे, पण मुलगी अजून जिन्याखाली झोपते. तिथे खिडकी नाही म्हणून. मॅनेजरने वळून मला मराठीत सांगितलं, "साहेबांच्या घरी पाहुणे आहेत, लवकर निघायचंय म्हणतात." मला तेवढं इंग्रजी कळत होतं. मी त्या साहेबाच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. निघताना त्याने सगळ्यांना आपलं कार्ड दिलं.

त्या कंपनीने आम्हाला माल देणं बंद केलं. पाठोपाठ आणखी दोघांनी. मग मालकांना एक दोषी लागला. पावतीवर सही आणि शिक्का बाईचा होता. तिनेच पेट्या बाहेर विकल्या असं ठरलं. ऑफिसात चौकशी झाली. एक वकील, मॅनेजर, मी आणि ती.

वकिलाने विचारलं, "ही सही तुमची?"

"नाय. मी केली नाय. माझ्या वहीत लिवलंय बघा."

वही आणली. तिने स्वतः पान शोधलं. पुढे गेली, मागे आली, मग शिवणीवरून बोट फिरवलं. तिथे फाटलेली कडा होती. ती कडा तिने वकिलाला दाखवली. वकील म्हणाला, "पान कोणी फाडलं हे यावरून कसं कळणार?"

"तवा मी गावी होते. किल्ल्या काकांकडं होत्या. इचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मला आठवत नाही."

तिला त्याच आठवड्यात काढलं. दुसऱ्या कारखान्यांत ती जायची, तेव्हा तिथले लोक आमच्याकडे फोन करायचे आणि मॅनेजर सांगायचा की बाईने स्टोअरचा माल विकला. मला आणखी एका वर्षाचं पत्र मिळालं. ते वर्ष मी पुरं केलं. लोकांना वाटेल माझी झोप उडाली असेल. तसं काही झालं नाही. जेवत होतो, झोपत होतो. टीव्हीवर एखादी पडकी इमारत दाखवायचे, निम्म्या जिन्यासकट, आणि मी चॅनल न बदलता बघत बसायचो. काही वाटतंय का याची वाट बघायचो.

गेल्या महिन्यात नातवाच्या सायकलला नंबर ठोकायला पंचांचा डबा काढला. तळाशी पान होतं. तिचं अक्षर. बसवल्या नाहीत.

रविवारी मी उमरोळीला गेलो. पान सोबत होतं, आणि घडलेलं सगळं लिहून खाली सही केलेलं माझं पत्र. खोली तीच होती. ती आता एका गाळ्यात डबे भरायच्या कामाला जाते, रोजंदारीवर. दारात मला बघून म्हणाली, "या काका." खुर्ची दिली. चहा विचारला नाही.

मी पान तिच्या हातात दिलं. तिने ते उजेडात धरलं आणि फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, चौकशीत फिरवलं होतं तसंच. मग पत्र वाचलं, सावकाश, दोनदा.

"आठवत नाय म्हणाला होतात."

"हो."

"आठवत होतं?"

"होतं."

तिने पत्राची घडी घातली. बाहेर कोणीतरी बादली घासत होतं. मी माफी मागायचं घोकून गेलो होतो. तोंड उघडलं तेव्हा तिने हात वर केला. "ते ऱ्हाऊ द्या. त्या गोऱ्या सायबाला पाठवलंत का हे?"

"नाही. आधी तुला…"

"मला काय करायचंय? मी सही केली नाय, ते मला ठाव हाय. ज्यांनी माझं नाव लिवलंय त्यांच्याकडं जायाला पायजे. त्यांच्याकडं, मालकांकडं, आन् ज्या दोन कारखान्यांनी मला दारातनं परत पाठवलं त्यांच्याकडं."

त्या माणसाचं कार्ड माझ्या पाकिटात होतं. तिने आपल्या फोनवर पानाचा आणि पत्राचा फोटो काढला. कार्डावरचा ई-मेलचा पत्ता मी एकेक अक्षर सांगितला, ती टाकत गेली, मग तिने मला तो परत वाचून दाखवला. वर्षअखेरीला स्टोअरची मोजणी करताना आम्ही असंच करायचो, एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहून परत वाचून दाखवायचं. मालकांच्या पत्त्यापाशी ती थांबली.

"पोलीस येतील तुमच्याकडं. पाठवू?"

"पाठव."

तिने पाठवलं. आणखी दोन पत्ते तिला तोंडपाठ होते.

मी उठलो. ती म्हणाली, "थांबा." कपाटावरून एक वही काढली, शाळेच्या मुलांची असते तसली, आणि उभ्यानेच लिहिलं. कागद फाडून माझ्या हातात दिला. मिळालं: वहीचं पान एक, एका कडेला फाटलेलं. पत्र एक, सहीचं. खाली तिची सही, मी केली होती तशीच सोपी, पण तिचा 'र' मला जमला नव्हता हे तेव्हा दिसलं.

ती पोच आता पंचांच्या डब्यात आहे. युरोपातून उत्तर आलं, तिच्या फोनवर. मी खरवडलेल्या कागदांच्या जागी कोणाचा पत्ता होता ते त्यांनी विचारलंय. तिने मला फोन केला आणि प्रश्न वाचून दाखवला. मला पत्ता आठवत होता. मी सांगितला.