कोरड्या नाकाचे दिवस

मुलगी नाशिकला शिकायला गेली आणि तिचा ससा माझ्याकडे राहिला. तपकिरी रंगाचा, उजव्या कानाच्या कडेला छोटी खाच असलेला. दहावीच्या सुट्टीत तिने तो रस्त्यावरच्या पिंजरेवाल्याकडून आणलेला. पहिल्या आठवड्यातच तो शिंकायला लागला होता. एवढासा जीव शिंकतो याचं आम्हाला कौतुक वाटलं. यांनी तर त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

सहा महिन्यांनी नाकातून पांढरं, घट्ट यायला लागलं तेव्हा आम्ही त्याला टोपलीत घालून ठाण्याला नेलं. डोंबिवलीत कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर आहेत, पण सशाला हात लावायला कोणी तयार होईना. टेंभी नाक्याच्या पुढे एक तरुण डॉक्टरीण सशांना बघते असं कळलं होतं. तिने त्याचा पुढचा पंजा उलटा करून मला दाखवला. आतल्या बाजूचे केस चिकटून कडक झाले होते.

"काकू, ससे नाक पंजांनी पुसतात. नाक स्वच्छ दिसलं तरी पंजे बघायचे. पंजे खोटं बोलत नाहीत."

मग तिने शांतपणे सांगितलं की हा आजार पूर्ण जात नाही. औषधाने दबतो, हवा बदलली, ताण आला की पुन्हा वर येतो. ससा तोंडाने नीट श्वास घेऊ शकत नाही, त्यामुळे नाक बंद झालं की त्याचं खाणं बंद, आणि खाणं बंद झालं की दोन दिवसांत जिवावर बेततं. घरात उदबत्ती नको, मच्छरची कॉइल नको, फिनेल नको. गवत झटकून द्यायचं. मूत्राचा वास नाकात जाऊन त्रास वाढतो म्हणून ट्रे रोज बदलायचा. आणि दुसऱ्या सशाजवळ त्याला कधीही सोडायचं नाही.

"डोंबिवलीत कुठे राहता?"

"एमआयडीसीच्या अलीकडे."

"मग थंडीत सकाळी खिडक्या लावून घ्या," ती म्हणाली.

हे सगळं मी दीड वर्ष केलं. मुलगी होती तोवर आम्ही दोघी मिळून करायचो, ती गेल्यावर मी एकटी. सकाळ-संध्याकाळ त्याला प्लास्टिकच्या पेटीत बसवायचं, वर टॉवेल टाकायचा, एका फटीतून नेब्युलायझरची नळी आत सोडायची आणि पंधरा मिनिटं मशिनची घरघर ऐकत बसायचं. मग कोमट पाण्याच्या कापसाने नाक पुसायचं, सिरिंजने औषध द्यायचं. नाक फारच चोंदलं तर वाटलेला चारा सिरिंजनेच भरवायचा. देवापुढची उदबत्ती मी बंद केली. सासूबाई आल्या की तेवढ्यावरून बोलायच्या.

मी घरी तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. एका मुलाच्या आईने एकदा दारातच विचारलं, "टीचर, हा सारखा शिंकतो. मुलांना काही होणार नाही ना?" मी म्हटलं, नाही होत. पुढच्या महिन्यात तिचा मुलगा यायचा बंद झाला. पुढे मी ससा देऊन टाकला, त्याचं कारण कित्येक दिवस लोकांना हेच सांगत होते. ते खरं कारण नव्हतं. मला कंटाळा आला होता. एका सकाळी सिरिंज तोंडाशी नेल्यावर त्याने मान फिरवली आणि मी त्याच्या पाठीवर चापट मारली. जोरात नव्हती. पण तो पेटीच्या कोपऱ्यात जाऊन दबून बसला आणि मी मशिन लावून तिथेच त्याच्याकडे पाठ करून बसले.

त्याच सुमारास शिकवणीला येणाऱ्या एका मुलीच्या आईने सांगितलं, "माझी मावशी आंबिवलीला असते. तिच्या सशिणीचा जोडीदार गेला. सशीण खात नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून बसते. मावशीला एखादा ससा हवाय."

मी विचारलं, "अंगण आहे का?"

"मोठं आहे. मागे टॉवर झालेत, पण मावशीने जुनं घर आणि अंगण सोडलं नाही."

त्या वेळी त्याचा औषधाचा कोर्स नुकताच संपला होता. कोर्सनंतरचे आठ-दहा दिवस नाक कोरडं असायचं. मला ते पाठ होतं. मी त्या बाईंना म्हटलं, "या रविवारीच आणून देते." मुलीला फोन करून सांगितलं की आपल्याकडची हवा त्याला सोसत नाही, तिकडे मोकळं अंगण आहे, सोबत आहे. ती रडली आणि म्हणाली, "त्याचं सगळं सांगशील ना त्यांना?" मी म्हटलं, "सांगेन की."

रविवारी सकाळी मी त्याचे पुढचे दोन्ही पंजे कोमट पाण्याने धुतले. चिकटलेले केस बोटांनी सोडवले, जे सुटले नाहीत ते बारीक कात्रीने कापले आणि मुलीच्या ड्रायरने पंजे वाळवून वरून कंगवा फिरवला. त्याच्या औषधांची फाइल कपाटात ठेवली. मशिनही घरीच ठेवलं.

आंबिवलीच्या त्या मावशी पासष्टीच्या असतील. आगरी, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच. नऊवारी, कपाळावर गोंदलेलं, हातात हिरव्या बांगड्या. त्यांनी ससा टोपलीतून सरळ उचलून छातीशी धरला.

"काय गुबगुबीत हाय गो! काय खातो?"

मी सगळं सांगितलं. गवत किती, कोथिंबीर किती, गाजर कमी. मग त्यांनी विचारलं, "बरा हाय ना? काय दुखना बिखना?"

"धुळीने कधीतरी शिंकतो," मी म्हटलं. "बाकी एकदम चांगला आहे."

राखाडी सशीण अंगणातल्या पेरूखाली बसली होती. त्याला खाली सोडल्यावर दोघं बराच वेळ लांबूनच एकमेकांना हुंगत राहिले. मग ती पुढे आली आणि त्याचं नाक चाटायला लागली. मावशी टाळ्या वाजवून हसल्या. मी ते बघितलं आणि "निघते" म्हणून उठले. त्यांनी पिशवीभर वालाच्या शेंगा दिल्या, नको म्हटलं तरी. संध्याकाळी मी त्या शेंगांची भाजी केली. यांनी विचारलं, "सांगितलंस ना आजाराचं?" मी "हो" म्हटलं आणि भाजी वाढली.

तीन आठवड्यांनी मावशींचा फोन आला.

"बाय, ती माझी राखारी शिंकते गो. तुझा पन शिंकतो. काय करू?"

मी म्हटलं, "हवा बदललीय ना मावशी. होईल बरं."

"मी पन तेच बोलली. काल दोघांना ओव्याची धुरी दिली. पोरांना देतो ना आपन, तशी."

धूर! मला माहीत होतं. त्या डॉक्टरणीने पहिल्याच दिवशी सांगितलेल्या पथ्यांत पहिलं तेच होतं. 'धूर देऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. पण मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत. मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला राहवलं नाही. मी फोन केला आणि म्हटलं, "मावशी, मोबाइलवर वाचलं, सशांना धूर चालत नाही म्हणे." त्या म्हणाल्या, "आता काय करू? सकाली पन दिली." राखाडी सशीण मान वर करून श्वास घेतेय, हेही त्यांनीच सांगितलं.

"म्हणे". तो शब्द मला अजून बोचतो. दीड वर्ष रोज करत आलेली गोष्ट मी ऐकीव म्हणून सांगितली, आणि तीही एक दिवस उशिरा.

मावशींच्या रिक्षा चालवणाऱ्या भाच्याने दोन्ही ससे ठाण्याला नेले. सशांची डॉक्टरीण आजूबाजूला एकच, तेव्हा ते तिच्याकडेच पोचणार हे मला कळायला हवं होतं. तिने तपकिरी सशाला टेबलावर घेतलं आणि कानाची खाच बघून ओळखलं. संध्याकाळी शिकवणीची मुलं समोर बसलेली असताना मावशींचा फोन आला.

"डाक्तरीन बोलली, यो तिचा जुना पेशंट हाय. दीर वरीस दवा चालू होती. खरा काय गो?"

मुलं गणित करत होती. मी उठून गॅलरीत गेले. "हो," म्हटलं.

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वाफंचा मशिन तुझ्याकरं हाय ना? घेऊन ये. मना जमत नाय."

मुलांना लवकर सोडून मी मशिन आणि फाइल घेऊन गेले. मावशींनी आधी पाणी दिलं. मग चहा. माझ्या तोंडाकडे त्या बघत नव्हत्या, मी काय करते तेवढं बघत होत्या. टॉवेल कसा टाकायचा, नळी कुठून घालायची, सिरिंज दातांच्या बाजूच्या फटीतून कशी सरकवायची म्हणजे ठसका लागत नाही. राखाडी सशीण माझ्या हातात थरथरत होती. तिच्या पंजांचे केस तसेच चिकटलेले होते, कडक, पिवळट. तपकिरी ससा माझा हात हुंगून पुढ्यात येऊन बसला. त्याच्या मनात काहीच नव्हतं.

सगळं झाल्यावर मावशी म्हणाल्या, "मना सांगितला असतास तरी मी नेला असता. येगला ठेवला असता, जालीच्या पलीकरं. दोघं एकमेकांना बघत बसली असती."

मी माफी मागितली. शब्द नीट आले नाहीत. त्या "जाऊ दे" म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "उद्या येशील का? सकाली माझा हात कापतो."

तेव्हापासून मी जायला लागले. सुरुवातीला रोज शिकवण्यांआधी, नंतर दिवसाआड, मग रविवारी. मावशींचे हात हळूहळू सरावले. त्या माझ्याहून चांगलं करायला लागल्या. सशिणीला मांडीवर घेऊन गाणं म्हणत औषध द्यायच्या आणि ती तोंड उघडायची. चुलीच्या बाजूची खोली बंद करून त्यांनी सशांना पुढच्या खोलीत आणलं. देवाची धूपारती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली. मी दीड वर्षात सासूबाईंशी उदबत्तीवरून जे भांडले, ते त्यांच्या घरात एका वाक्यात झालं.

पण राखाडी सशिणीचं वय झालेलं होतं. कोर्स झाला की दहा दिवस बरी, पुन्हा तेच. तिसऱ्या महिन्यात आजार कानात उतरला. मान एका बाजूला कलली, ती गोल गोल फिरून पडायची. मावशींनी तिच्या दोन्ही बाजूंना जुन्या लुगड्याच्या गुंडाळ्या लावल्या. त्यात ती उभी राहायची, तपकिरी ससा एका बाजूला टेकून बसायचा. दोघांना आता वेगळं ठेवण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरीणच म्हणाली होती. गणपतीच्या आधल्या आठवड्यात तिने खाणं सोडलं आणि दोन दिवसांनी गेली. मावशींनी तिला पेरूखाली पुरलं. मी पोचले तेव्हा माती सारखी करून झाली होती.

दिवाळीत मुलगी आली आणि म्हणाली, "चल, आंबिवलीला जाऊया." मग मला सगळं सांगावं लागलं. दिवाणखान्यात, कंदिलाचे कागद कापता कापता मी सांगितलं. पंजे धुतल्याचंही सांगितलं. तिने कात्री खाली ठेवली.

"ड्रायर माझा वापरलास?"

मी मान हलवली. तिला राग नेमका त्याचा का आला असेल ते मला कळलं नाही. किंवा कळलं, पण मी तिला विचारलं नाही. आम्ही दोघी गेलो. ती मावशींच्या पाया पडली, ससा मांडीवर घेऊन बसली आणि माझ्याशी परत येईपर्यंत बोलली नाही.

मावशींना पंजांचं मी अजून सांगितलेलं नाही. बाकी सगळं त्यांना माहीत आहे. जाताना दर वेळी ठरवते, आज सांगायचं. मग त्या तांदळाच्या भाकरीबरोबर बोंबलाचं कालवण पुढे ठेवतात आणि मी जेवून येते. शेजारणी आल्या की त्या माझी ओळख करून देतात, "ही मास्तरीन. ससा हिचाच." त्यात टोमणा नसतो, मी बारकाईने ऐकते. तरी मला खाली बघावंसं वाटतं.

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. फोन वाजला. शहाडच्या कुणा नातेवाइकाला मुलीसाठी ससा हवा होता. आता सशीण नाही, मावशींचंही वय झालं, तर तपकिरी ससा देता का, असं तो विचारत होता.

मावशींनी फोन खांद्याने कानाशी धरला आणि हातातली मेथी निवडत निवडतच बोलल्या, "देन की. पन आयक, तो आजारी हाय. सर्दी जात नाय त्याची, मरंपर्यंत. दोन टाइम वाफ लागते, दवा लागते. घरात धूर नको. दुसरा ससा असंल तर अजिबात नेऊ नको. जमत असंल तर ये, बघ."

पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. मावशी "बरा, बरा" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"नको बोलतो," त्यांनी मला सांगितलं आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली. "ही घे, तू पन निवड."

एवढंच बोलायचं होतं. एका दमात, मेथी निवडता निवडता होण्यासारखं. मी जुडी सोडली, पानं खुडायला लागले, आणि बराच वेळ मान वर केली नाही.