सदाबुवांचा सकाळचा तास

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेने भरलेले होते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावायची कणीक मी नेहमी स्वतःच मळतो; बायकोच्या हातची कणीक पोळ्यांना उत्तम, पखवाजाला सैल. त्यामुळे फोन तिनेच घेतला. ऐकून घेतलं, "हो वहिनी, निघतोच" एवढंच म्हणाली आणि गॅस बंद केला. मला काही विचारावं लागलं नाही. कितीतरी दिवस आम्ही त्याच फोनच्या धास्तीत होतो, आणि तरी तो आल्यावर मी हात धुवायचे सोडून कणीक मळतच राहिलो... चांगली घट्ट होईपर्यंत. मग ती तशीच परातीत टाकून निघालो. आमच्या चारकोपच्या भजनी मंडळाचे सदाबुवा, म्हणजे माझा सद्या, गेला होता.

लोकांसाठी तो बुवा होता, माझ्यासाठी नाही. आम्ही दोघेही कुडाळकडचे, दोघांचेही बाप एकाच गिरणीत. गिरणी बंद पडल्यावर दोन्ही घरं मागेपुढे चारकोपला आली. सद्या इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर लागला, मी वायरमन झालो. दिवसभर तेल आणि लोखंडाच्या किसात वावरणारा हा माणूस संध्याकाळी कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून पेटीपुढे बसला की ओळखू यायचा नाही. आवाज म्हणाल तर खडा, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही पोचणारा. स्वभाव त्याहून खडा. झांजवाला अर्धी मात्रा चुकला तरी गाणं थांबवून त्याच्याकडे नुसतं बघायचा. माझ्याकडे त्याने तसं कधी बघितलं नाही, याचा मला उगाचच माज होता.

आतड्याच्या शेवटच्या भागात कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खालची वाट कायमची बंद करून पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलं. त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवायची, जे काय व्हायचं ते त्या पिशवीत, आणि कधी व्हायचं ते आपल्या हातात नाही. वास येईल ही भीती, पिशवी सुटेल ही भीती. वर आणखी एक गंमत म्हणजे वायू सरला की चारचौघांत आवाज होतो आणि तो दाबून धरायला काही साधनच उरत नाही. सद्याने त्या स्टोमाकडे एकदाही बघितलं नव्हतं. नलिनीवहिनी, त्याची बायको, पिशवी बदलायची आणि तेवढा वेळ हा वरच्या पंख्याकडे डोळे लावून पडून राहायचा. पेटी कपाटावर गेली. मंडळाचे लोक बोलवायला आले की तो झोपलेला असायचा, निदान तसं सांगितलं जायचं.

हॉस्पिटलात स्टोमाच्या पेशंटांना शिकवणाऱ्या एक सिस्टर होत्या. त्यांनी तपासणीच्या वेळी त्याला इरिगेशनबद्दल सांगितलं. कोमट पाण्याची पिशवी खुंटीला टांगायची, नळीच्या टोकाला मऊ शंकू असतो तो स्टोमाच्या तोंडाशी धरायचा आणि पाणी सावकाश आत सोडायचं. मग कमोडवर बसून राहायचं. तासाभरात आतडं रिकामं होतं, आणि सवय झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत पोट गप्प राहतं. सगळ्यांना चालत नाही, पण याचं ऑपरेशन ज्या जागी झालं होतं तिथे चालणार होतं आणि डॉक्टरांचीही ना नव्हती. सद्याने ऐकून घेतलं आणि घरी येऊन साफ नाही म्हणाला. पाणी आत जाऊन आतडं फाटलं तर? पाणी आत गेलं आणि बाहेरच आलं नाही तर? ही भीती त्याने बोलून दाखवली. दुसरी भीती वहिनीने मला सांगितली. सिस्टरनी बजावलं होतं की हे पेशंटने स्वतःच्या हाताने करायचं असतं. म्हणजे त्याला तिकडे बघावं लागणार होतं.

गणपतीत मीच त्याला भरीला घातलं. पलीकडच्या सेक्टरमध्ये गाववाल्यांकडे भजन होतं, घरचंच, फार माणसं नव्हती. पिशवी रिकामी राहावी म्हणून त्याने आदल्या दिवसापासून अन्न तोंडात घेतलं नव्हतं. कमरेभोवती टॉवेल गुंडाळून, वर झब्बा चढवून तो पेटीपुढे बसला आणि पहिल्याच सुराला मला भरून आलं. वर्षभराने तो सूर ऐकत होतो. दोन अभंग झाले. तिसऱ्याच्या आधी त्याने आलाप घेतला, सगळं घर शांत झालं, आणि त्या शांततेत त्याच्या पोटातून आवाज आला. उपाशी पोट जास्तच बोलतं हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! मी काही विचार केला नाही. पखवाजावर थाप मारली. आलापात थाप कशाला, म्हणून झांजवाले चमकले. पुढे पुन्हा आवाज, पुन्हा माझी थाप. मग गजर चढला तेव्हाही मी कान त्याच्या पोटाकडेच लावून बसलो होतो, भलत्या ठिकाणी हात पडत होता, झांजा एकीकडे, टाळ्या दुसरीकडे. ज्या गजरावर बायाबापड्या उठून फुगडी धरायच्या त्या गजराची पार वाट लागली.

प्रसाद घेताना यजमान हसत मला म्हणाले, "बाळाकाका, आज हात ठिकाणावर नाही वाटतं." मी वयावर ढकललं. सद्या पाठमोरा उभा होता, त्याने ऐकलं. परत येताना बागेच्या कठड्यावर तो बसला. मला वाटलं दम लागला असेल.

"तू मुद्दाम मारी होतस," तो म्हणाला. आम्ही दोघंच असलो की तो मालवणीवर यायचा.

मी होय म्हटलं. खोटं बोलून काही उपयोग नव्हता.

"माका कळाचा नाय असा वाटला तुका? माझ्या पोटासाठी तू ताल मोडलंस. आता ह्याच्या पुढे मोडू नको." मग तो कठड्यावरून उठला. "त्या सिस्टरकडे माका घेवन चल."

आजही मला वाटतं की लोकांनी त्याचा आवाज ऐकला असता आणि कोणी हसलं असतं, तर तो घरी जाऊन कायमचा बसला असता. ती लाज त्याने गिळली असती. पण आपल्यामुळे पखवाज खोटा पडला हे त्याला सोसवलं नाही. भजन करणाऱ्या माणसाचा हिशेबच वेगळा.

हॉस्पिटलात सिस्टरनी विचारलं, बरोबर बायको आली आहे का? तो म्हणाला, पखवाजी आला आहे. त्या बिचाऱ्या गोंधळल्या, पण मला आत येऊ दिलं. पिशवी काढल्यावर तो सवयीने वर बघायला लागला. सिस्टर शंकू हातात धरून थांबल्या. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि माझा हात त्याने इतका आवळला होता की बोटं बधिर झाली. मग त्याने मान खाली घातली. छोटासा, लालभडक, ओला, ओठ मुडपल्यासारखा तो स्टोमा पोटावर बसला होता.

"एवढोसोच आसा?" तो म्हणाला. "ह्येका मी भियत होतंय?"

वाचणाऱ्याला वाटेल की झालं, सुटला. सुटला कसला! त्या दिवशी सिस्टरांपुढे सगळं झकास झालं, आणि घरी आल्यावर सगळं उलटं. कधी पाणी आत जाईचना, शंकूच्या कडेने पायांवर सांडायचं. कधी घाईने सोडलं की पोटात अशी कळ यायची की भिंतीला धरून बसायचा. एकदा पाणी गेलं ते परत आलंच नाही. तास उलटून गेला, हा बाहेर आला, कपडे घातले, बाजारात गेला आणि मासेवालीसमोर उभा असताना ते पाणी आलं, पिशवी सुटली. तिथून त्याने मला फोन केला. मी लुंगी घेऊन धावलो. घरी आल्यावर त्याने ती नळी खुंटीवरून ओढून मोरीत फेकली आणि म्हणाला, बंद, सगळं बंद. जन्मभर पिशवी बांधून पडेन, पण हे नको. मला राग आला होता. त्याचा नाही... कोणाचा ते मला आजही सांगता येत नाही.

पहिल्या वेळी तालाने त्याचा निर्णय केला होता. या खेपेला तसं कोणी काही केलं नाही. त्याला एकट्यालाच ठरवायचं होतं आणि त्याने कित्येक दिवस घेतले. मी जाऊन बसायचो, विषय काढायचो नाही. एक दिवस त्यानेच सिस्टरना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, रोज एकाच वेळी करता का? हा काय करणार, जेव्हा धीर होईल तेव्हा करायचा, कधी सकाळी, कधी जेवल्यावर. आतड्याला वेळ कळली पाहिजे, असं त्या म्हणाल्या. फोन ठेवून सद्या माझ्याकडे बघून ओशाळं हसला. "रियाज म्हणा ना मग," तो म्हणाला. "जन्मभर पोरांना सांगत आलो, एक वेळ धरून बसा, आणि मी स्वतः..." नळी वहिनीने धुऊन जपून ठेवलीच होती.

त्याने सकाळची वेळ धरली. सोसायटीचं पाणी येऊन बादल्या भरल्या की हा आत. त्यातही वाईट दिवस आले, पण त्याने वेळ सोडली नाही, आणि हळूहळू पोट ताळ्यावर आलं. माघी गणपतीला तो गायला बसला तो आधी दोन मोदक खाऊन. कमरेला टॉवेल नव्हता, स्टोमावर नुसती कापसाची एक छोटी गादी होती. मी पखवाज वाजवला आणि फक्त पखवाजच वाजवला. गजराला बाया उठल्या. त्या दिवशी मी घरी येऊन रडलो, हे त्याला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

त्याच्या वाट्याला ते सुख फार थोडं आलं. कॅन्सर यकृतात निघाला. औषधांनी जुलाब लागले, तेव्हा डॉक्टरांनी इरिगेशन थांबवायला सांगितलं आणि पुन्हा पिशवी आली. मला देवाचा संताप आला. ज्या माणसाने त्याच्या दारात उभा जन्म घालवला, त्याने इतक्या कष्टाने मिळवलेली एवढीशी गोष्टही राहू देऊ नये? सद्या मात्र आता स्वतःची पिशवी स्वतः बदलायचा, खाली बघून, पेटीचा भाता पुसावा तितक्या निगुतीने. शेवटच्या भेटीत त्याने मला खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरायला सांगितला. आवाज राहिला नव्हता, त्याचे ओठ हलत होते. तो काय गात होता ते मला कळत होतं, म्हणून समेवर चुकलो नाही.

परवा सकाळी मंडळाची पेटी आणायला त्याच्याकडे गेलो. पाणी नुकतंच येऊन गेलं होतं, पॅसेज ओला होता. वहिनी बाथरूमच्या दाराबाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मेथी निवडत होती. घरात एवढी जागा असून इथे ओल्यात कुठे बसलात, असं मी सहज म्हणालो. ती म्हणाली, या वेळी इथेच बसायची सवय आहे.

मला त्यातलं काही माहीत नव्हतं, ते तिने तेव्हा सांगितलं. मी नेहमी नंतर यायचो, तो आंघोळ करून तयार असताना. पहिले काही दिवस त्याला चक्कर येईल या भीतीने ती दाराबाहेर बसायची. पाणी गेलं का, कळ येते का, एवढंच विचारायची. मग तो तास जाता जाईना म्हणून आतून तो बोलायला लागला. गिरणी बंद झाली तेव्हा बाप रात्रभर कसा बसून होता ते सांगितलं. पहिलं मूल गेलं तेव्हा आपण त्याच संध्याकाळी भजनाला का गेलो होतो तेही सांगितलं. तिलाही विचारायचा. त्याचे सगळे अभंग तिला पाठ आहेत हे त्याला तेव्हा कळलं. "एवढ्या वर्षांत हे समोर बसून कधी असं बोलले नाहीत भाऊजी," ती म्हणाली. "दार मध्ये असलं की बोलायचे."

मी पेटी उचलली, तर तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं ना, त्यानंतरही हे त्या वेळेला आत जाऊन बसायचे. कमोडचं झाकण लावून, नुसते. मी म्हटलं, आता कशाला उगाच त्रास करून घेता? तर म्हणाले, तू दार ओढून घे आणि बस गं बाहेर. चालवेनासं झालं तोपर्यंत जात होते."

मी पेटी पुन्हा खाली ठेवली आणि भिंतीला टेकून तिथेच ओल्या लादीवर बसलो. तिने मेथीची अर्धी जुडी माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघं निवडत राहिलो. समोरचं दार बंद होतं आणि त्याला बाहेरून कडी घातलेली होती.